होडीच्या कुशीतली साक्सौल

एक होता जोल्मुर्झा कोळी, एक होती त्याची बायको बीबीजमाल आणि एक होती त्यांची सून ऐसानेम. एक अरल समुद्रही होता, पण तो उठून निघून गेला होता. मागे राहिली वाळू, मीठ आणि जोल्मुर्झाच्या दाराशी उलटी पडलेली एक होडी. त्या होडीच्या कुशीत राहिले मी. मी साक्सौल बोलतेय, वाळवंटातली झुडूपजात. मला पानं नाहीत, सावलीही बेताचीच. पण माझ्यापुढे वाळूचं काही चालत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

जन्म माझा इथला नव्हे. दक्षिणेच्या टेकाडांवर ऐसानेमचं माहेर, मेंढ्यांवाल्यांचं. तिथल्या एका म्हाताऱ्या साक्सौलची मी लेक. पाच पंखांची, कोरडी, चपटी बी. आत माझा जीव गोगलगाईसारखा गुंडाळलेला. आम्हा बियांचं आयुष्य एका हिवाळ्याचं. बर्फ वितळताना उगवलो तर उगवलो, नाहीतर उन्हाळ्यापर्यंत आमचा भुसा होतो. ऐसानेमच्या बापानं आम्हाला झाडून पोत्यात भरलं आणि लेकीकडे धाडलं. लेकीच्या दारात वाळू चढतेय, हे त्याच्या कानावर गेलं होतं.

वाळू खरंच चढत होती. रोज सकाळी ऐसानेम फावड्यानं वाळू ओढायची, तेव्हा कुठे दार उघडायचं. शेजारची तीन घरं रिकामी झाली होती. तिचा नवरा ओराझ परमुलखात विटा रचायला गेलेला. त्यानं निरोप धाडला होता, "वाळू खिडकीला लागली की ट्रक घेऊन येतो. सगळ्यांना घेऊन जातो." जोल्मुर्झा मात्र म्हणायचा, "समुद्र परत आला आणि मी घरी नसलो तर?"

तर हे पोतं आलं. आता गंमत बघा. त्या लोकांत सुनेनं सासऱ्याशी तोंड उघडून बोलायचं नाही, त्याचं नावही घ्यायचं नाही. ऐसानेम सासूच्या कानात कुजबुजायची आणि सासू मोठ्यानं सांगायची. तिघंही एकाच चटईवर, एकाच ताटातले ज्वारीचे गोळे खात बसलेली असायची!

"सून म्हणते, बी वरच्यावर टाका. बोटाच्या पेरापेक्षा खोल नको," बीबीजमाल म्हणाली.

"तुझ्या सुनेला सांग," जोल्मुर्झा चहाचा पियाला आपटत म्हणाला, "मेंढ्या हाकणाऱ्यांनी मला वारा शिकवू नये! नांगर टाकल्याशिवाय होडी थांबते का कुठे? हातभर खोल पुरतो एकेक. वाऱ्याच्या बापालाही नेता येणार नाही."

"अहो, बी म्हणजे होडी नव्हे."

"आणि तू कधीपासून मेंढपाळीण झालीस?"

ऐसानेम उठून ताट विसळायला गेली.

त्यानं पुरलं. पाठीचा काटा ढिला होईपर्यंत चर खणले आणि माझ्या सगळ्या बहिणी हातभर खाली घातल्या. पोतं झटकताना मी तेवढी उडाले. वाऱ्यानं मला होडीवर आपटलं आणि मी तिच्या आडोशाला घसरले. माझं नशीब तिथंच फळफळलं. होडीच्या कुशीत बर्फाचा ढीग साचला. तो वितळला तसं गोड पाणी खाली झिरपलं, वरचं मीठ धुऊन घेऊन गेलं. माझ्या अंगावर वाळू किती, तर नखाएवढी. एका दिवसात मी गुंडाळी सोडली आणि पहिलं मूळ थेट खाली धाडलं. वर बोटभर, खाली हातभर, असा आमच्या घराण्याचा हिशेब. आधी पाण्याचा पत्ता काढायचा, मग जगाला तोंड दाखवायचं.

चरांवर मात्र काहीच दिसेना. वसंत उलटत आला तसा जोल्मुर्झा गुडघ्यावर बसला आणि हातांनी वाळू उपसू लागला. खाली त्याला माझ्या बहिणी सापडल्या. उगवल्या होत्या हो! पांढऱ्या दोऱ्यांसारख्या वर निघाल्या होत्या, पण उजेड लांब आणि शिदोरी तोकडी. अर्ध्या वाटेवर सुकल्या. ते दोरे तळहातावर घेऊन म्हातारा नुसता बघत राहिला.

तेव्हा ऐसानेम पुढे आली. पदर सावरला आणि लग्नानंतरच्या आठ वर्षांत पहिल्यांदा सासऱ्याशी बोलली.

"मामंजी, इकडं बघा. होडीपाशी."

बीबीजमालच्या हातातली बादलीच पडली. जोल्मुर्झानं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

"बोल," तो म्हणाला. "सासूच्या तोंडून किती दिवस बोलशील? तिचा घसा बसला बोलून बोलून."

"हिला आडोसा मिळाला म्हणून ही जगली. शरदात बाबा आणखी एक पोतं धाडतील. वर टाकू, पण धरून ठेवायला काहीतरी हवं. तुमची जाळी..."

ती जाळी म्हातारा दरवर्षी उन्हात घालायचा, सांधायचा आणि समुद्रासाठी घडी करून ठेवायचा.

तो बायकोकडे वळून म्हणाला, "समुद्र आला तर?"

"आला तर मी नवी विणून देईन. बोटं आहेत अजून," बीबीजमाल म्हणाली.

शरदात त्यानं स्वतः जाळी पसरली, खुंट्या ठोकल्या. बी टाकताना वाकून वाकून सुनेला विचारत होता, "एवढं चालेल? का जास्त झालं?" आणि ती हसून म्हणायची, "मामंजी, वाळू घाला, गोधडी नको!" जाळ्यांत बी अडकलं, बर्फ अडकलं. वसंतात भोकाभोकांतून हिरव्या काड्या वर आल्या. शंभरातल्या नव्वद त्या उन्हाळ्यात मेल्या. मी काही खोटं सांगणार नाही. पण ज्या दहा राहिल्या, त्यांनी पुढच्यांना आडोसा दिला. त्यांची थोरली बहीण मी. आज होडी माझ्या आडोशाला आहे.

माझ्या चौथ्या शरदात ओराझ ट्रक घेऊन आला. वाळू खिडकीला लागली असणार, असं धरूनच आला होता. त्यानं हाका मारल्या आणि फावडं शोधू लागला. तेवढ्यात दार उघडलं. पुरतं, भिंतीला टेकेपर्यंत.

"तुझं फावडं कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर म्हणून लावलंय," दारातून ऐसानेम म्हणाली.

ट्रकवाला ओरडला, "सामान कुठाय? रिकामा जाऊ होय?"

जोल्मुर्झा माझ्या खोडाला पाठ लावून बसला होता. "रिकामा कशाला?" तो म्हणाला. "पोराची वळकटी तेवढी उतरव आणि व्याह्यांनी धाडलेलं दोन पोती बी घेऊन जा. पुढच्या गावात दे. आणि सांग त्यांना, वरच्यावर टाका म्हणावं. माझी सून सांगते!"

ओराझनं वळकटी उतरवली ती कायमची. त्या संध्याकाळी चटईवर चौघं जेवायला बसली आणि चौघंही एकमेकांशी बोलत होती.