वाघबारशीचा लांडगा

आमच्या गावात लांडगा आलाय हे पहिल्यांदा माझ्या बायकोनं सांगितलं आणि गावानं तिला वेड्यात काढलं. भिवंडी तालुक्यात, अंबाडीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. इथं कोल्हे आहेत, तरस कधीमधी दिसतं, भटक्या कुत्र्यांना तर तोटाच नाही. पण लांडगा हा घाटावरचा प्राणी. तो भिवंडीत कशाला येईल, गोदामात हमाली करायला? हे मीच म्हणालो होतो, आणि त्यापायी मला गार जेवण जेवावं लागलं.

करिष्मा बी.एस्सी. झालेली, विषय प्राणिशास्त्र. लग्नानंतर ते शास्त्र फक्त माझ्यावर चालायचं. पण दोन हजार सहाचा पावसाळा सरताना तळ्याकाठच्या चिखलात तिनं पावलं पाहिली आणि मग रोज सकाळी तिकडेच. कामतघरला पॉवरलूमवरची रात्रीची ड्युटी संपवून आलेला मी, डोळे चोळत मागे. एका सकाळी ते दिसले. दोघे. लांब पायांचे, करडे-पिवळे, भाताच्या बांधावर उभे राहून आमच्याकडे बघणारे. कुत्रं बघतं ते काहीतरी मिळेल म्हणून. हे नुसतेच बघत होते. तेव्हापासून मलाही चैन पडेना. आले कुठून? दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन खाली उतरतात. गेल्या साली त्यांच्यामागे आले असतील, असा करिष्माचा अंदाज. पण मग परत का नाही गेले? झोपतात कुठे? खातात काय?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लवकरच मिळालं. बाळारामकाकांच्या शेळ्या.

बाळारामकाका माझे सख्खे चुलते, भिंतीला भिंत लागून घर. शेळ्या जायला लागल्यावर त्यांनी अर्धवट खाल्लेल्या धडात विष भरून डोंगरावर ठेवायचं ठरवलं. विष आणलंही. करिष्मा त्यांच्या ओटीवर जाऊन बसली.

"काका, अख्ख्या देशात दोन-तीन हजार राहिलेत. वाघासाठी सगळे गळा काढतात, यांच्यासाठी कोणीच नाही."

"तू हायस ना," काका म्हणाले. "लांडग्याची मावशी."

"शेळ्या बंद गोठ्यात ठेवू. मी आणि मनोज जाळी लावून देतो."

मला न विचारताच मला कामाला लावलं होतं, पण मी मान हलवली. काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी ती पुन्हा सरळ केली.

मग ती घरोघर फिरली. लोक चहा पाजायचे, ऐकून घ्यायचे आणि ती वळली की हसायचे. बाळारामकाकांशी वाकडं कोण घेणार? तेवढ्यात वाघबारस जवळ आली.

आमच्याकडची वाघबारस सांगायला हवी. दिवाळीच्या तोंडावर, शिवेवरच्या वाघोबाच्या दगडापुढे गावातला एकजण वाघ होतो. घोंगडी पांघरून रांगत येतो. गावातला वडीलधारा त्याला विचारतो, "आमच्या अंगावर येशील का?" वाघानं तीनदा म्हणायचं, "न्हाय येनार." मग खीर वाटायची आणि पुढच्या बारशीपर्यंत त्या जनावराला गावानं हात लावायचा नाही. जे जनावर शपथ घेणार नाही, त्याला मात्र माफी नाही. आमच्या बापाच्या काळापासून इथं वाघ कोणी पाहिलेला नाही, तरी शपथ चालू आहे.

करिष्मा थेट रामनाथदादांकडे गेली. वाघाला प्रश्न विचारायचा मान त्यांचा.

"दादा, यंदा लांडग्याचीही शपथ घ्या."

"घेऊ की, आपलं काय जातं?" दादा म्हणाले. "पन ज्याचं जनावर गेलं त्यानंच वाघ व्हायाचं, आसा जुना नियम हाय. लांडगा बाळारामालाच व्हावं लागंल."

वाघोबाच्या नियमापुढे काकांना नाही म्हणता येईना. पण त्यांनी अंगणात येऊन करिष्माला सांगितलं, "मी 'येनार' बोलनार. मंग माझं इख खरं." ती घरात येऊन रडली. वाचवायला गेले आणि मीच मारायचा परवाना काढून दिला, म्हणाली.

बारशीला ऊन कलताना गाव शिवेवर जमलं. काका डोक्यावरून घोंगडी पांघरून गुडघ्यांवर बसले. समोर डोंगर. म्हणजे डोंगर होता ती जागा. उन्हाळ्यात काकांनी आपला हिस्सा गोदामवाल्याला विकला होता आणि जेसीबीनं अर्धी बाजू कापून लाल माती उघडी पाडली होती.

"लांडग्या, आमच्या अंगावर येशील का?" दादांनी विचारलं.

"येनार."

करिष्मानं माझा दंड घट्ट धरला. दादा गोंधळले. असं उत्तर त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

"का येशील?"

"भूक हाय."

"तुझ्या डोंगरावर खा. ससं हायत, घोरपडी हायत."

"डोंगर कुठं हाय? डोंगर इकला."

"कोनी इकला?"

दादांनी सहज विचारलं होतं. काहीजण हसले. मग हसणं थांबलं, कारण घोंगडीखालून उत्तर येईना. लांडग्याला गुन्हेगार ठरवायच्या रागात काका बोलत सुटले होते आणि बोलता बोलता स्वतःच्याच दारात येऊन पोचले होते. त्यांचं तोंड दिसत नव्हतं. त्यांच्या मनात काय चाललंय हे कळावं म्हणून मी वाटेल ते दिलं असतं.

पार्वतीकाकू खिरीचं पातेलं धरून उभ्या होत्या. त्या घोंगडीकडे वाकून हळूच नवऱ्याला म्हणाल्या, "बोला आता. वाघोबा ऐकतोय."

काका उठून उभे राहिले. घोंगडी काढून त्यांनी खांद्यावर टाकली. चेहरा घामानं निथळत होता.

"दादा, त्याला नका इचारू. त्यानं जायाचं कुठं? मला इचारा."

दादांना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी घसा साफ केला.

"बाळाराम, तू लांडग्याच्या अंगावर येशील का?"

"न्हाय येनार."

तीनदा म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा ते करिष्माकडे बघून म्हणाले. तिसऱ्यांदा त्या कापलेल्या डोंगराकडे बघून.