पॅटागोनियाला गेलेली मॅगी

मेलेलं माणूस मालिकेत परत येत नाही. पॅटागोनियाला गेलेलं येऊ शकतं. या एवढ्या आधारावर तेगवेन प्रॉसरनं अकरा वर्षं काढली होती. त्याआधी एकोणीस वर्षं ती वेल्श मालिकेतली पबवाली मॅगी होती. मग लेखकांनी मॅगीला समुद्रापार, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पॅटागोनियातल्या वेल्श वस्तीत बहिणीकडे धाडलं. तेव्हापासून तेगवेन देव पाण्यात घालून बसलेली. दर महिन्याला केस मॅगीसारखे तांबडे रंगवायची. नाटकांची बोलावणी आली, तीही परतवली. न जाणो, नेमका तेव्हाच फोन आला तर?

फोन आला. दिग्दर्शक गेथिन म्हणाला, "बाई, मॅगीला मारतोय आम्ही. तिकडून पत्र येतं. म्हटलं, टीव्हीवर कळण्याआधी आपणच सांगावं."

"अरे, निदान आजारी पाड! खोकत खोकत घरी येते मी. दोनच भाग!"

"पत्राचं शूटिंग झालंसुद्धा."

"मग उरलं काय?"

"चॅपेलमधली शोकसभा. गुरुवारी."

"गर्दीला माणसं लागतील ना? मला घे. टोपी डोळ्यांवर ओढते. कुत्रं ओळखायचं नाही."

गेथिन म्हणाला, "मागच्या बाकावर बसा. आणि ते केस तेवढे दिसता कामा नयेत."

टोपीत केस मावेनात. गुरुवारी सकाळी तिनं ते मुळापासून कातरले.

स्तोत्र सुरू झालं. नुसते ओठ हलवायचे, असं तिनं ठरवलं होतं. पण सातव्या वर्षापासून आईनं तिला चॅपेलच्या गायनवृंदात, खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांत उभं केलेलं. चॅपेलमध्ये तोंड तिचं ऐकेना. दर नाताळला मॅगीच्या पबात घुमणारा तो आवाज कमानीवर जाऊन आदळला.

पुढच्या बाकावरची नान्सी, गर्दीतलीच एक म्हातारी, गर्रकन वळली. "मॅगी! अगं, तू तर जिवंत आहेस!"

"कट!"

"ऐकलंस, गेथिन?" तेगवेन मागच्या बाकावरून ओरडली. "जिवंत म्हणतेय ती!"

गेथिन जवळ आला. हळूच म्हणाला, "बाई, पाया पडतो. फक्त ओठ."

पुन्हा स्तोत्र झालं. तिनं फक्त ओठ हलवले. खालची पट्टी लंगडी पडली.

"सुंदर! झालं!" गेथिन ओरडला.

माणसं चहाला निघाली. तेगवेननं टोपी काढली. नान्सीनं ते पांढरं, भादरलेलं डोकं नीट न्याहाळलं आणि ओशाळून म्हणाली,

"माफ कर हं बाई. मला वाटलं, तूच ती."