कोरी यादी

"आजही कोरी?" सिस्टरने प्रिंटरमधून निघालेला कागद उलटून पाहिला, जणू नावं मागच्या बाजूला जाऊन बसली असावीत. "बाई, हा तिसरा सोमवार. आता माझी नोकरी जाणार."

यादीबाई हसल्या नाहीत. हॉस्पिटलच्या नोंदणीखोलीत त्यांची एकवीस वर्षं झाली होती. दर सोमवारी त्या जी यादी काढत, तिच्यावरून सगळे त्यांना यादीबाई म्हणत. घरी नवरासुद्धा वाणसामानाला निघताना "यादीबाई, यादी" म्हणून हात पुढे करी.

सोमवारची यादी मात्र चेष्टेची नव्हती. तपासणीत ज्यांच्यात काही खोट निघाली आणि आठ दिवसांत जे परत आले नाहीत, त्यांची ती नावं. सिस्टर एकेकाला फोन लावी, गोड बोलून, प्रसंगी दटावून बोलावून घेई. आठवड्याला पाच-सहा नावं ठरलेली असत. आता तीन सोमवार एकही नाव नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी तर बैठकीत टाळ्या वाजवल्या होत्या. लोक सुधारले, म्हणाले.

"लोक असे एकदम नाही हो सुधारत," यादीबाई म्हणाल्या. "माझे सासरे सहा महिने गाल धरून बसले, पण दाताच्या डॉक्टरची पायरी चढले नाहीत." त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती, ती पहिल्याच सोमवारी. पण कौतुक कोणाला नको असतं? दोन आठवडे त्यांनी तिला चुकचुकू दिलं, आणि याचंच आता त्यांना वाईट वाटत होतं.

यादी काढायला संगणकाला घालायचा प्रश्न त्यांनीच लिहिला होता, चाळिशी उलटल्यावर संगणकाचा संध्याकाळचा क्लास लावून. त्याला त्या पोटातला प्रश्न म्हणत. बाहेरचा प्रश्न साधा: खोट निघालेल्यांपैकी कोण आलं नाही? पण न आलेल्यांची नोंद कोण ठेवणार? म्हणून त्याच्या पोटात, कंसात, दुसरा प्रश्न: जे येऊन गेले त्यांचे नंबर दे. आधी आतला सुटतो. त्याचं उत्तर बाहेरच्याच्या हाती पडतं, आणि त्यात ज्यांचा नंबर सापडत नाही तेवढी नावं कागदावर उतरतात. नऊ वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

त्यांनी आतला प्रश्न कंसातून काढला आणि एकटाच चालवून पाहिला. नंबरांची लांबलचक रांग आली. त्या बोट लावून खाली उतरत गेल्या आणि एका ओळीवर थांबल्या. तिथे तारीख होती, वेळ होती, नंबराची जागा रिकामी होती.

ती ओळ कोणाची हे त्यांना लगेच आठवलं. पहिल्या कोऱ्या सोमवारच्या आदल्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ नंबराचं कार्ड घरी विसरून आले होते. दोन बस बदलून आलेल्या माणसाला परत कुठे धाडायचं? "बसा आजोबा, नंबर मी मागाहून भरते," त्या म्हणाल्या होत्या. आजोबा तपासून घरी गेले आणि नंबर राहिला तो राहिलाच.

"एक जागा रिकामी, तर एवढं काय?" सिस्टरने विचारलं.

"वर्गात हजेरी घेताय असं समजा. एक पोर तोंड झाकून उभं आहे. आता कोणाच्याही नावापुढे 'गैरहजर' असं शपथेवर लिहाल? जो दिसत नाही, तोच ते पोर असला तर?"

"मग?"

"मग मशीन म्हणतं, मला खात्री नाही. आणि कोणाचंच नाव देत नाही."

त्यांनी कंसात एक ओळ वाढवली: रिकाम्या जागा सोडून. प्रिंटर कुरकुरला आणि कागद बाहेर आला. सतरा नावं होती.

सिस्टरने उठून दार लोटलं. "बाई, मी आत्ता फोनला बसते. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना निरोप जातो. झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमच्या, कशाला शेवटी डाग लावून घेता?"

हो म्हणावं असं यादीबाईंना अगदी मनापासून वाटलं. पण सतरांत आधी कोणाला बोलवायचं, हे डॉक्टरांशिवाय कोण सांगणार होतं? त्या कागद घेऊन जिना चढल्या.

मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मशीनने घोळ घातला."

"नाही साहेब. घोळ माझा. जागा मी रिकामी ठेवली, आणि प्रश्नही मीच कच्चा लिहिला."

"लिहून द्या तसं," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण पुन्हा त्यांनी वर पाहिलंही नाही. नावांवरून पेन फिरवत ते अकराव्याशी थांबले. "हिला आज आणा. आजच. मी थांबतो."

अकरावं नाव एका इस्त्रीवालीचं होतं, छातीतल्या गाठीचं. तिचा फोन बंद लागत होता. बाकीचे सिस्टरवर सोपवून यादीबाई पत्ता घेऊन निघाल्या.

जिन्याखालच्या खोलीत ती उभ्याने इस्त्री करत होती. चाळिशीची, हडकुळी. हॉस्पिटलातून आले म्हटल्यावर तिचा हात थांबला.

"फोन लागत नाही तुमचा."

"परवा बादलीत पडला. त्याआधी चांगला चालू होता की. पहिला आठवडा तर उशाशी घेऊन झोपायची. मग म्हटलं, काही असतं तर बोलावलं असतं ना त्यांनी. सुटले एकदाची." ती जराशी हसली. "बुडाला तर वाईटसुद्धा नाही वाटलं."

यादीबाईंची वाटभर जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "फोन यायला हवा होता, ताई. माझ्या चुकीने आला नाही. दोन आठवडे."

इस्त्रीवालीने इस्त्री बंद करून उभी ठेवली. "फार उशीर झाला का?"

"ते मला नाही सांगता येणार. डॉक्टर थांबलेत तुमच्यासाठी."

तिने इस्त्रीची पिन काढून ठेवली. मग टेबलावरची मोठी चादर उचलत म्हणाली, "एवढी घडी घालून निघू. गिऱ्हाईक येईल. एकटीला नीट जमत नाही ही."

यादीबाईंनी पिशवी खाली ठेवून पलीकडची दोन टोकं धरली. दोघींनी चादर ताणली, दुमडली, पुन्हा ताणली. दर घडीला त्या एकेक पाऊल जवळ येत होत्या. शेवटच्या घडीला टोकं हातात देताना यादीबाईंची बोटं इस्त्रीवालीच्या बोटांत आली, आणि तिने ती लगेच सोडली नाहीत.