चौकापर्यंत

रळियातबेन वजनकाट्यावरून उतरल्या आणि चपला शोधायच्या निमित्तानं तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

"पुन्हा वाढलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सोरायसिस नुसता कातडीचा नसतो, बेन. आतली सूज तुमच्या सांध्यांत उतरलीय, आणि अंगावरची चरबी तिला खतपाणी घालते. वजन उतरलं तर हेच औषध जास्त लागू पडेल. चालायला लागा."

"कशावर चालू? पायाची बोटं वांग्यासारखी सुजलीत. चालवत नाही म्हणून वजन वाढतं, वजन वाढतं म्हणून चालवत नाही. सुरुवात कुठून करू, ते तरी सांगा!"

डॉक्टरीणबाईंनी औषधाची चिठ्ठी पुढे केली.

जामनगरच्या त्या गल्लीत बांधणीच्या साड्यांचं रळियातबेनइतकं बारीक काम कुणाचं नव्हतं. नखाच्या टोकावर कापड उचलायचं, दोरा आवळायचा. आता नखांना खड्डे पडले होते, ती तुटत होती. कोपरांवरून पापुद्रे झडतात म्हणून काम देणाऱ्या शेठनं कापड पाठवणंच बंद केलं. रिकामी बसलेली बाई दिवसभर काय करणार? काही ना काही तोंडात टाकत राहायची.

घरी येताच त्यांनी नवऱ्याला बजावलं, "आजपासून घरात ते तळलेले गाठिया आणायचे नाहीत."

"रविवारीसुद्धा?" प्रभुदासांचा चेहरा उतरला.

"रविवारीसुद्धा."

रविवारी प्रभुदास देवळात जातो म्हणून गेले. परतले तेव्हा मिशांना गाठियांबरोबरच्या तळलेल्या मिरचीचा वास होता. रळियातबेननी आठवडाभर उकडलेले मूग गिळले, काटा तसूभर हलला नाही. पुढच्या रविवारी प्रभुदासांनी पुन्हा देवळाचं नाव काढलं, तेव्हा रळियातबेनचं डोकंच फिरलं. पायांत चपला सरकवल्या आणि भिंतीचा आधार घेत, दात-ओठ खात त्या मागोमाग निघाल्या.

चौकातल्या दुकानापुढे प्रभुदास कागदावर गाठिया घेऊन उभे होते.

"हेच का तुमचं देऊळ?"

त्यांना ठसकाच लागला. "अगं, घरी आणले तर तू खाशील, मी नाही खाल्ले तर मरेन! करू काय?"

"मी तिथे मूग गिळते आणि तुम्ही..." रळियातबेनना दम लागला होता.

प्रभुदासांनी बायकोच्या पायांकडे पाहिलं. मग मागे, वळणापर्यंत रिकाम्या पडलेल्या रस्त्याकडे.

"रिक्षा कुठेय?"

"रिक्षा कसली? चालत आले."

"इथवर?"



प्रभुदासांनी कागदाची पुरचुंडी दुकानदारापुढे सरकवली, हात धोतराला पुसले.

"बरं," ते म्हणाले, "मग उद्या मी कुठे जातोय ते तुला सांगणार नाही. ये शोधत."