मंगळवारी मला हळू फिरवायचे

मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं, कारखान्याचं यंत्रघर. माझी एक पाती मुळापासून तुटली, कॉम्प्रेसरचं कवच फोडून भिंतीत रुतली. वाटेत कोणी उभं नव्हतं, एवढंच.

मी त्या कॉम्प्रेसरचा इम्पेलर बोलतोय. हवा दाबणारं, पात्यांचं चाक.

मी तयार झालो तेव्हा मला दोरीला टांगून लहान हातोडीने वाजवलं होतं, मडकं वाजवून घेतात तसं. तपासणाऱ्या बाईंनी माझा सूर ऐकून पाटी करायला लावली: ‘मिनिटाला ८,२०० ते ८,६०० फेरे. या वेगात थांबू नये.’ त्या वेगात हवेचा प्रत्येक धक्का माझ्या थरथरीच्या तालावर पडतो, झोक्याला नेमक्या वेळी ढकलावं तसा. झटकन पार झालो तर काही होत नाही. रेंगाळलो की संपलो.

मला चालवणाऱ्या ऑपरेटरना सगळे मास्तर म्हणतात. नऊ वर्षं त्यांनी मला त्या आकड्यांत थांबू दिलं नाही. मग यंत्रघराच्या माथ्यावर बैठकीची खोली बांधली. दर मंगळवारी तिथे सुरक्षिततेची बैठक.

पहिल्याच बैठकीत खाली फोन आला. मास्तरांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो.

“मास्तर, इथे कपबशा नाचतायत. जरा हळू करा की.”

“साहेब, हळू केलं तर पाटीवरच्या आकड्यात जाईल. सरळ बंद करू?”

“बंद नको. अर्ध्या तासात काय मोडतंय?”

“मग लिहून द्या.”

“अहो, फोनवर कसं लिहून देऊ?”

मास्तरांनी फोन ठेवला. मग त्यांनी वेग उतरवला.

असे अकरा मंगळवार गेले. दर वेळी पातीच्या मुळाशी केसाएवढी चीर थोडी पुढे सरकली. बारावा मंगळवार वर सांगितलाच आहे.

चौकशीत विचारलं, “पाटी वाचता येते ना?”

“येते. वरून फोन आला होता.”

“कोणाचा?”

“साहेबांचा.”

“कुठल्या?”

“वर सगळे साहेबच असतात.”

बैठकीला सातजण होते. फोन एकालाही आठवत नाही. चौकशी समितीत त्यातलेच चौघे आहेत. मास्तर निलंबित होऊन घरी बसलेत, नोकरी राहील की नाही ते समिती ठरवणार.

मी पुरावा म्हणून समितीच्या टेबलावर आहे. पंख्याने कागद उडतात, म्हणून मला फायलीवर ठेवलंय. मला भंगारात घाला, तक्रार नाही. फक्त आधी एकदा उचला. माझ्याखाली पहिल्या बैठकीचं इतिवृत्त आहे. कलम चार: ‘कॉम्प्रेसरचा वेग फोन करून कमी करून घेतला. सर्वांनी समाधान व्यक्त केले.’ खाली सात सह्या.

चौकशीला चाळीस दिवस झाले. मला अजून कोणी उचललेलं नाही.