मुळं खाणाऱ्या मासोळ्या

प्लांटातून रिटायर झाल्यावर धोंडबांनी स्मृति नगरातल्या घरामागे मासे आणि भाजी एकाच पाण्यात वाढवायचं ठरवलं. माशांच्या घाणीचं झाडांना खत होतं, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. जुन्या टाकीत त्यांनी तिलापिया जातीचे मासे सोडले, वर थर्माकोल तरंगवलं आणि त्याच्या भोकांत पालकाची रोपं बसवली.

थोड्याच दिवसांत रोपं मलूल झाली. त्यांची बायको पंचफुला हिने एक रोप उचलून पाहिलं, तर खाली मूळच नव्हतं.

"अवो, तुमच्या मासोळ्या तं बुडापासून पालक खाऊन राहिल्या!"

"मंग मी कोणासाठी मेहनत करून राहिलो?"

"त्याइच्यासाठीच!"

धोंडबांचा चेहरा पडला. पंचफुला हसतच कपडे धुवायचा टब घेऊन आली. दोघांनी त्याच्या बुडाला बारीक भोकं पाडली, तो टाकीच्या काठांवर टेकवला, खडीसारखी गिट्टी भरली आणि नवी रोपं लावली. एक छोटा पंप टाकीतलं पाणी वर टबात चढवायचा आणि ते गिट्टीतून झिरपून परत टाकीत पडायचं. खाली मासोळ्या नुसत्या वर बघत फिरायच्या.

पालक फोफावला. पंचफुलाने लसणाची फोडणी देऊन भाजी केली. जन्मभर पालकाला नाक मुरडणारे धोंडबा त्या दुपारी दोनदा मागून जेवले.