मूल सापडले

मालनमावशींचं नाव गेटच्या ॲपमध्ये मीच घातलं. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन, आणि ॲपवर नाव नसेल तर आमच्या परळच्या टॉवरमध्ये कामाला येणाऱ्या कुणालाच आत सोडत नाहीत. म्हणून नंबर माझा दिला. फोटो काढला, आधार कार्डाच्या दोन्ही बाजू चढवल्या, पत्ता टाकला: बीडीडी चाळ, वरळी. शेवटी अटींचं लांबलचक पान आलं. न वाचताच 'मला मान्य आहे'च्या चौकटीत खूण केली. मावशी तेव्हा ओट्याशी रेवाचा वरणभात कालवत होत्या. त्यांना विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

रेवा माझी मुलगी, दोन वर्षांची. मी दादरला ऑफिसात असते तोवर मावशी तिला सांभाळायच्या. त्याआधी आणि नंतर शेजारच्या टॉवरमध्ये दोन घरच्या पोळ्या करायच्या. त्या गेटमधून गेल्या-आल्या की माझा फोन वाजायचा. दिवसातून किती वेळा मी तो उघडून बघायचे, ते मोजायला नको. माझा नवरा सौमित्र म्हणायचा, तू तिची आई आहेस की वॉचमन?

त्या बुधवारी चार बाराला फोन वाजला. 'मालन. मुलासह. गेट दोन. बाहेर.' बाग आमच्या आवारातच आहे, गेटबाहेर जायचं काही कारण नव्हतं. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. अकरा वेळा लावला. ग्रुपवर येणारे मुलं पळवल्याचे सगळे व्हिडिओ, जे मी खोटे म्हणून पुसून टाकते, ते एकामागून एक डोळ्यांपुढे आले. चार एकतीसला ॲपमधलं तक्रारीचं लाल बटण दाबलं.

पाच वीसला त्या आपणहून परत आल्या. गार्डनी रेवाला त्यांच्या कडेवरून काढून घेतलं, त्यांना लॉबीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि समोरून फोटो काढला. मी टॅक्सीने पोचले तेव्हा रेवाची टाळू तेलाने चमकत होती, कपाळाला कुंकू, मुठीत विरघळलेली साखर. मावशींच्या पिशवीत नारळ होता. त्यांची सासू वर्षभर अंथरुणाला खिळलेली, तिला रेवाला एकदा बघायचं होतं. मुलगी पहिल्यांदा दारात आली, तर सासू म्हणाली, चेडवाक रिकाम्या हातान धाडू नको. त्यातच उशीर झाला. फोन पिशवीच्या तळाशी राहिला.

"सकाळी विचारलं होतं ताई, नेऊ का म्हणून," मावशी खुर्चीतूनच म्हणाल्या. "तुम्ही हो म्हणालात."

म्हणाले होते. कानात इअरफोन होते, मीटिंग चालू होती, आणि मी नुसती मान हलवली होती. हे मला तिथे लॉबीत, गार्डसमोर आठवलं. मी एवढंच बोलले की गैरसमज झाला. कुणाचा, ते नाही बोलले.

तक्रार बंद करताना ॲपने दोनच पर्याय दिले: 'वस्तू परत मिळाली' आणि 'मूल सापडले'. चूक माझी होती, असा पर्याय नव्हता. मी दुसरा दाबला आणि रेवाला आंघोळ घातली.

सोमवारी मावशींची पोळ्यांची दोन्ही घरं सुटली. तिथल्या गेटवर त्यांचा फोटो लाल चौकटीत येत होता, खाली ओळ: 'मूल नेल्याची तक्रार. मूल सापडले.' ॲप एकच, इमारती चाळीसएक.

मी सोसायटीचे सेक्रेटरी उन्मेष प्रधान यांच्याकडे गेले. त्यांनी मला बसवून समजावलं. तक्रार केलीत ते बरोबरच केलंत, आता मागे कशाला घेता? बाई सरळ असेल तर तिला काय त्रास? कंपनीला फोन केला, तर तिथली मुलगी म्हणाली की बंद झालेली तक्रार बदलता येत नाही. व्यक्तीला हवं तर स्वतःचं प्रोफाइल काढून टाकता येईल, ओटीपी नोंदवलेल्या नंबरवर जाईल. मग मी सोसायटीच्या ग्रुपवर सगळं खरं लिहिलं, मान हलवल्यासकट. दोघांनी हात जोडलेली चित्रं टाकली. एकीने विचारलं, वैदेही, तुला कुणी धमकी दिलीय का?

मंगळवारपासून मावशी आल्या नाहीत. शनिवारी रेवाला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. एकच खोली. खाटेवर सासू, खाली मावशी भाजी निवडत बसलेल्या. रेवा सरळ खाटेवर चढली. मी माफी मागितली. मावशींनी पालेभाजीची जुडी बाजूला ठेवली.

"काय लिहिलंय ते वाचा. सगळं."

मी ॲपमधलं त्यांचं पान उघडून वाचलं. फोटो, आधार, पत्ता. चौदा महिन्यांत कुठल्या गेटमधून कधी आत, कधी बाहेर, मिनिटासकट. पोळ्यांच्या एका घराने लिहिलेलं, 'हात चांगला, बोलते फार.' दुसऱ्याने, 'उशिरा येते, तीन तारे.' माझं, 'विश्वासू, पाच तारे.' त्याखाली लाल ओळ.

"कोण कोण बघतं हे?"

"गेटवाले. कामाला ठेवणारे. कंपनी."

"म्हणजे मी सोडून सगळे," त्या म्हणाल्या. "पुसा."

मी समजावत राहिले. पुसलं तर चाळीस इमारतींत कुठेच आत सोडणार नाहीत. त्यापेक्षा मी कंपनीला नोटीस पाठवते, ओळखीची वकील आहे, थोडा वेळ द्या, तोवर माझ्याकडे या. बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं की यातलं अर्धं माझ्या सोमवारसाठी आहे. सोमवारी मी ऑफिसला जाणार, आणि रेवाजवळ कोण?

"पुसा, ताई."

ओटीपी आला. सहा आकडे, तीन मिनिटं. ते फक्त मला दिसत होते. आला नाही म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? रेंज तिथे तशीही एकच काडी होती. खाटेवर म्हातारी रेवाला नाव विचारत होती, रेवा दर वेळी वेगळंच सांगत होती. मी बघत बसले आणि तीन मिनिटं संपली.

मावशींची नजर फोनवर नव्हती, माझ्यावर होती.

मी पुन्हा ओटीपी मागवला आणि आला तसा फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकेक आकडा बोटाने दाबला. पडद्यावर दोन ओळी आल्या.

"गेलं?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही, मावशी. इमारतींत दिसणार नाही. पण कंपनी सुरक्षेच्या नावाखाली अजून सहा महिने ठेवणार आहे. मी लिहीन त्यांना."

त्यांनी बोटांच्या पेरांवर महिने मोजले.

"म्हणजे गणपती उजाडणार," त्या म्हणाल्या. "तेव्हा या सांगायला, गेलं की नाही ते."

मग उठून त्यांनी रेवाला खाटेवरून उचललं आणि माझ्याकडे दिलं.